उसवलीच पाहिजे अशी शिवण

कराड
रविवार, दुपारी

चि. राजू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नव्या गाडीचं शोरूमचं कोटेशन चष्मा लावून दोनदा वाचलं. नुसत्या ॲक्सेसरीजचे 47,800 रुपये! फोनवर विचारलंस, "आई, शोरूममधून घेऊ की बाहेरून?" तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. शिवाय फोनवर मी काही सांगायला लागले की तू नुसतं "हो, हो" म्हणतोस. म्हणून लिहायला बसले.

बाहेरून म्हणजे कुणाकडून, तर आपल्यासारख्यांकडूनच. तेवीस वर्षं कोल्हापूर नाक्यावर मी सीट कव्हरं शिवली, शेजारच्या गाळ्यात बाबांनी वायरिंग केलं. आणि शोरूमचं म्हणजेसुद्धा पुष्कळदा आपलंच होतं. तू दहावीला होतास त्या वर्षी एका शोरूमला महिन्याला वीस-पंचवीस सेट जायचे, आठवतं? मी ज्या भावाने द्यायची, त्याच्या दुपटीने तिथे बिल व्हायचं. रेक्झिन तेच, फोम तोच, शिलाई माझी. लेबल तेवढं त्यांचं. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, त्याच पैशांत घराचा हप्ता गेला, कशाला नावं ठेवू.

म्हणून आधी यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे पार्ट नंबर आहे का ते बघ. गाडीच्या कंपनीची वस्तू असेल तर नंबर असतो, बंद खोक्यात येते, कंपनीच्या किंमतपत्रकात सापडते. नुसतं "प्रीमियम मॅट सेट" किंवा "लक्झरी किट" लिहिलं असेल तर तो माल पुण्याच्या नाना पेठेतून, गाड्यांच्या पार्टच्या बाजारातूनही आलेला असेल, आणि नाना पेठेत तुला स्वतःलाही जाता येतं.

मी मात्र कोण विकतंय याच्याआधी, ती वस्तू गाडीच्या कशाला हात लावते ते बघते. मड फ्लॅप, डिकीचा ट्रे, बॉडी कव्हर, दाराचे वायझर कुठूनही घे, स्वस्त मिळतील तिथून. क्रोमच्या पट्ट्या तर घेऊच नकोस, दोन पावसाळ्यांत कडा सुटतात. अंडरकोटिंगचे आठ हजार लावलेत ते खोडून टाक. नव्या गाडीचा पत्रा कारखान्यातच गंजरोधक रंगात बुडवून निघतो, आणि घाईत फवारणारा पोरगा खालची पाणी निघायची भोकंच बुजवून ठेवतो.

मॅटला मात्र हलकं समजू नकोस. तुझ्याच मॉडेलच्या मापाची घे, खालच्या हुकात बसणारी, आणि एकीवर दुसरी टाकू नकोस. 2009 साली अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एक लेक्सस, म्हणजे टोयोटाचीच गाडी, थांबेचना, चौघे गेले. डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली गाडी होती. तिच्यात दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकून बसला. नंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. मॅट बाजारू नव्हती हं, त्याच कंपनीची होती. फक्त दुसऱ्या गाडीची.

आता सीट कव्हर. सूनबाईने हळूच विचारलं होतं, "आई शिवून देतील ना?" आणि मी विषय बदलला. तिला वाईट वाटलं असेल, म्हणून कारण सविस्तर सांगते.

तुझ्या गाडीला सहा एअरबॅगा आहेत. दोन पुढे, दोन खिडक्यांच्या वर पडद्यासारख्या, आणि दोन पुढच्या सीटांच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला. तिथे शिवणीत छोटी चिठ्ठी दिसेल, एअरबॅग लिहिलेली. बाजूने धडक बसली की ती पिशवी पापणी लवायच्या आत सीटची शिवण फाडून बाहेर येते. म्हणजे तिथली शिवण उसवलीच पाहिजे. आणि आपलं दुकान चाललं कशावर? आपली शिवण उसवत नाही यावर. नायलॉनचा दोरा, दुहेरी टीप, कडेला पट्टी. वडापवाले, म्हणजे शेअर जीपवाले यायचे, म्हणायचे, "वहिनी, पाच वर्षं झाली, एक टाका सुटला नाही." तेच कव्हर तुझ्या सीटवर चढवलं तर पिशवी आतच दबून राहील नाहीतर भलतीकडून फुटेल, आणि शेजारी सूनबाई बसलेली.

दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अशीच नवी गाडी घेऊन आलं. मी पाठीची ती बाजू उघडी ठेवायची म्हटल्यावर म्हणाले, "अहो, दिसायला घाण दिसेल, पूर्ण बंद करा." मी आगाऊ रक्कम परत दिली. पुढच्या चौकात त्यांना शिवून मिळालं असणारच. तिकडून परत जाताना आमच्या दुकानाकडे बघून हॉर्न वाजवला होता त्यांनी!

एअरबॅगसाठी खास कव्हरं मिळतात. त्यांच्या त्या कडेला मुद्दाम कच्चा दोरा असतो किंवा जागा मोकळी सोडलेली असते. पण तो दोरा किती कच्चा हवा, हे कंपनी सीटमधली एअरबॅग फोडून तपासते. मी काय बोटाने ओढून बघणार? म्हणून पुढच्या दोन सीटांची कव्हरं कंपनीच्या पार्ट नंबरची, तुझ्याच व्हेरिएंटची घे, पैसे जास्त गेले तरी. नाहीतर घालूच नकोस. आधी मॅन्युअलही वाच, काही कंपन्या पुढच्या सीटला कव्हर नकोच म्हणतात. मागच्या सीटला बाहेरचं चालेल, फक्त चिमीची बाळखुर्ची अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या, पाठ आणि बैठकीच्या फटीत असतात, त्या झाकल्या जाऊ देऊ नकोस. फिटर सवयीने ती फट ताणून बंद करतात.

इथे बाबा आतून ओरडतायत, वायरिंगचं लिही म्हणून. त्यांचंच सांगणं जसंच्या तसं: गाडीची मूळ वायर कुणालाही कापू द्यायची नाही, मग तो नाना पेठेतला असो की शोरूमचा. जे बसवायचं ते कपलरला (वायरच्या टोकाच्या तयार प्लगला) कपलर लावून. वायर सोलून, पीळ देऊन वर टेप गुंडाळली की दोन वर्षांनी टेपचा डिंक वितळतो, आणि वॉरंटीत काही बिघडलं तर सर्व्हिसवाले पहिलं बोट त्या जोडावर ठेवतात. सगळी वॉरंटी जाते असं नाही, पण त्या वायरवर जे जे चालतं त्यासाठी भांडत बसावं लागतं. पुढच्या-मागच्या रस्त्याचा कॅमेरा लाव, तो कामाचा आहे, पण वीज फ्यूज बॉक्समधून, वेगळा फ्यूज टाकून घे. दिव्यांत जास्त वॉटचा बल्ब नको. साधा हॅलोजन 60/55 वॉटचा (लांबचा झोत/जवळचा झोत) असतो, लोक 100/90 चा टाकतात, होल्डर वितळून आमच्याकडे येतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत अंधारी येते ती वेगळीच. बाहेरून जे बसवशील त्याचं पक्कं बिल घे आणि विम्यात नोंदव. गाडीबरोबर न आलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंवर किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम धरायची जुनी पद्धत आहे. नोंद नसेल तर चोरीनंतर त्याचे पैसे मागायला तोंड राहत नाही.

पुढचा लोखंडी गार्ड तुझ्या यादीत नाही, बरं झालं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये, म्हणजे गाडीत बेकायदा फेरफार करण्यात बसतं ते. धडकेत पुढचा भाग चेपून धक्का खायला हवा. गार्ड तो धक्का सरळ चासीत नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही गोंधळ उडवतो. तुझ्या मामाला किती सांगितलं, पण त्याला गाडी बैलासारखी दिसायला हवी. काळी फिल्मही नको, 2012 सालीच सुप्रीम कोर्टाने बंद केली.

आणि गणपती. मी दिलेली मूर्ती डाव्या बाजूला एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नकोस, सूनबाईच्या तोंडावरच येईल. मधोमध ठेव, रागावणार नाही बाप्पा.

शोरूमवाला "किट घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही" म्हणाला तर ते मेलवर लिहून दे म्हणावं. असा कुठलाच नियम नाही. विमाही त्याच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही. आणि दहा हजारांच्या ॲक्सेसरीज फुकट देतो म्हणाला तर भुलू नकोस, त्याला त्या दहाला पडत नाहीत, हे मी शिवणारी सांगते. त्याऐवजी वाढीव वॉरंटी माग, नाहीतर रोख सूट.

सूनबाईला सांग, आई शिवणार आहे. डिकीत टाकायला जाड गादी, वर धुता येईल अशी खोळ, चिमीचे खेळ ठेवायला पाठीमागे दोन खिसे. तिथे एअरबॅग नाही, तिथे मी दुहेरी टीप घालीन. डिकीची लांबी-रुंदी चाकाच्या फुगवट्यासकट मोजून पाठव, टेपचा फोटो काढून, अंदाजे नको. आणि रंग काळा हवा की तपकिरी ते तिलाच विचार, तू नको ठरवू.

तुझी,
आई