हरेगाव मळ्यावरची हजेरीची मस्टरं रद्दीत घालू नका

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते सप्टेंबरातल्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या यात्रेमुळे. नाहीतर डिसेंबर 1939 च्या महार वतनदार परिषदेमुळे, जिथे बाबासाहेब बोलले होते. माझं पत्र आहे ते मळ्यावरच्या चाळीबद्दल.

भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांना आलं, बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि या माळावर ऊस उभा राहिला. माझा पणजा बीडकडून दुष्काळात आला तो या उसासाठी. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, 1963 मध्ये शेती महामंडळ झालं. कंपनीचा मळा सरकारचा झाला. आजोबा मात्र पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी उसाला देणारे होते, ते पाटकरीच राहिले. रात्रपाळीला कंदील घेऊन पाण्याचं बारं द्यायचे. आजी सांगायची, रात्री पाट फुटला की मुकादमाआधी त्यांना आवाजावरूनच कळायचं.

खंडकऱ्यांनी, म्हणजे कंपनीला खंडाने जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांनी, आपल्या जमिनींसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडण केलं आणि 2012 पासून त्यांना त्या परत मिळू लागल्या. ते योग्यच झालं, त्यात माझी तक्रार नाही. त्यांच्याकडे सातबारा होता. आमच्याकडे काय होतं? आजोबांचं हजेरीचं कार्ड. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण महिना आणि शिक्का अजून वाचता येतो. आजीने ते लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं होतं.

मागल्या वर्षी ते कार्ड घेऊन मी एका कार्यालयात गेले. समोरच्या बाबूंनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “बाई, हा नोकरीचा पुरावा झाला. राहण्याचा आणा.” आता मळ्यावर नोकरी आणि घर वेगळं होतं कधी? हजेरी भरायची तर पहाटे मळ्यावर हवं, म्हणून तर चाळी बांधल्या! खोली एवढीशी, वर पत्रे, पावसाळ्यात चुलीवर छत्री धरावी लागते. चार पिढ्या त्याच खोलीत. कायद्याच्या भाषेत आम्ही अतिक्रमण.

कामगारांना घरासाठी दोन गुंठे द्या, ही मागणी जुनीच आहे, ती तुमच्या टेबलावर असेलच. मी त्याआधीचं एक मागते. मळ्यांच्या कचेऱ्यांत जी जुनी मस्टरं, पगारपत्रकं, खोलीवाटपाच्या वह्या उरल्या असतील, त्या वाळवीने खाण्याआधी ताब्यात घ्या, त्यांची छायाचित्रं काढा आणि वास्तव्याचा पुरावा म्हणून त्या ग्राह्य धराव्यात असा शासन निर्णय काढा. जमीन मोजायला भूमापक येतीलच. त्यांच्या हातात गटनंबरांसोबत ही नावंही असू द्या.

आजोबांचं कार्ड माझ्याकडेच आहे. तुमचा माणूस आला तर दाखवीन, पण हातातून सोडणार नाही.

आपली,
हरेगाव मळ्यावरची एक रहिवासी