तोंड ‘चालेल’ म्हणत होतं, तेव्हा पायांकडे पाहणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात येणार नाही. आघातातून गेलेली जी माणसं शरीराच्या वाटेने उपचार घ्यायला तुमच्याकडे येतात, त्यांना गर्दी सोसत नाही, आणि नाव छापलं की गर्दी होते. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण ज्यांनी ते खरं तर वाचायला हवं ते तुम्ही नाही.

गाडी उलटली, पट्ट्यात अडकून मी बराच वेळ तसाच होतो, शेवटी दार कापून मला बाहेर काढलं. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. हाडंही वेळेत जुळली. त्यानंतरचं मात्र कुणाला दिसत नव्हतं. जबडा दिवसभर आवळलेला. पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं की दरदरून घाम. रात्री डोळा लागतोय न लागतोय तोच कुणीतरी ढकलल्यासारखी जाग. तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. हे वाक्य सांगणारा आनंदाने सांगतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे आपण खोटारडे ठरलो.

मग सल्ले. ‘धडधाकट माणूस तू, विसर आता.’ ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ (होतं हो. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार, हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, एवढंच. त्याआधी अशा किती सैनिकांना भित्रे म्हणून मोकळे झाले लोक.) नातेवाइकांचं मी मनावर घेत नाही, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पण ज्यांनी भिंतीवर प्रमाणपत्रं टांगली होती आणि फी घेतली होती, त्यांना काय म्हणायचं?

एका समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत वही उघडली आणि म्हणाले, ‘सगळं पहिल्यापासून सांगा. बोलल्याशिवाय मोकळे होणार नाही.’ मी सुरुवात केली आणि शब्दच येईनात. घसा होता, हवा होती, वाक्य नव्हतं. त्यांनी काहीतरी लिहिलं. मला ते समोरून उलटं वाचता आलं: ‘सहकार्य करत नाहीत.’

ही गोष्ट तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही १९९६ सालच्या एका अभ्यासाबद्दल बोललात. पीटीएसडी असलेल्या आठ जणांना त्यांच्याच भयानक प्रसंगाचं वर्णन ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूचे स्कॅन घेतले. बोलण्याशी संबंध असलेला ब्रोका नावाचा भाग तेव्हा मंदावलेला दिसला. लगेच बजावलंतही, की माणसं फक्त आठ होती, त्यावर इमले बांधायचे नाहीत. नाही बांधत. पण ‘सहकार्य करत नाहीत’ या शेऱ्यापेक्षा ती आठ माणसं मला जवळची वाटली.

दुसरीकडे श्वसनाचा वर्ग होता. डोळे मिटा, खोल श्वास घ्या, सगळं सोडून द्या. डोळे मिटले की मी पुन्हा गाडीत. मी उघडेच ठेवले, तर शिक्षक मागून आले आणि न विचारता माझे दोन्ही खांदे दाबून खाली केले. मागून! वर म्हणाले, ‘किती ताण धरून ठेवलाय बघा.’ त्या घडीचा ताण त्यांचाच होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. शांत होण्याच्या प्रयत्नानेच काही माणसं जास्त घाबरतात, ही त्यांच्या क्षेत्रातली जुनी माहिती आहे असं पुढे तुमच्याकडून कळलं, तेव्हा मला हसावं की चिडावं समजेना.

इतकं सगळं अंगावर घेऊन मी तुमच्याकडे आलो.

तुम्ही खुर्ची थोडी पुढे घेतलीत आणि विचारलंत, ‘मी इथे बसले तर चालेल?’ मी म्हटलं, ‘चालेल की.’ बहुधा हसलोही असेन. सभ्य माणसं असंच म्हणतात. तुम्ही थांबलात. मग म्हणालात, ‘तुम्ही चालेल म्हणताय, पण तुमचे पाय खुर्चीखाली गेलेत. मी जरा मागे सरकते. मग बघू कसं वाटतंय.’

आणि सरकलात. हातभर.

ताई, त्या हातभर अंतराची मला अजून नीट फेड करता आलेली नाही, म्हणून हे पत्र. माझा श्वास अडकलेला होता हे तो सुटला तेव्हा कळलं. अपघात झाल्यापासून माझ्या शरीराला एकानेही काही विचारलं नव्हतं. त्याचे फोटो काढले, ते दाबलं, त्याला गोळ्या दिल्या, त्याला समजावलं. तुम्ही पहिल्यांदा त्याचं ‘नको’ ऐकलंत, तेही मी स्वतः ‘हो’ म्हणत असताना. त्यात मला खोटं पाडण्याचा आव नव्हता, की ‘बघा, कसं ओळखलं’ असा डौल नव्हता. पाहिलंत, मागे झालात, पुढे बोलायला लागलात.

नंतर काय काय केलं ते इथे लिहीत नाही. वाचून घरी करून बघायची ती गोष्ट नाही. पण हातांबद्दल लिहायला हवं. मला आतून एकच प्रश्न कुरतडत होता, की मी त्या वेळी ओरडलो का नाही, हातपाय का झाडले नाहीत. तुम्ही सांगितलंत, लढणं आणि पळणं एवढंच शरीराला येत नाही; दोन्ही वाटा बंद झाल्या की ते गोठतं. शिकाऱ्याच्या तोंडात सापडलेला ससा निपचित पडतो, तो काही विचार करून पडत नाही. पीटर लेव्हाइन यांच्या सोमॅटिक एक्सपीरिअन्सिंग या शरीराकडे लक्ष देणाऱ्या उपचारपद्धतीतला विचार असा, की तेव्हा अर्धी राहिलेली हालचाल नंतर सुरक्षित जागी, अगदी थोडी थोडी, पुरी होऊ द्यायची. तुम्ही उशी धरलीत, मी तळवे टेकले आणि ढकललं. ढकलायचं होतं तेव्हा हे हात दाबलेले होते. खांद्यापासून बोटांपर्यंत थरथर सुटली. तुम्ही ती थांबवायला सांगितली नाहीत, वाढवायलाही नाही. एवढंच म्हणालात, ‘घाई नाही.’

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत: तुम्ही मला भूल घातली नाहीत. हल्ली फोन उघडावा तर कुणीतरी सांगत असतं की सगळं दुःख खुब्यात साठतं, अमुक व्यायाम करा, सात मिनिटांत मोकळे व्हा. तुम्ही माहीत असलेलं तेवढंच सांगितलंत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात, म्हणून सोडण्यावर भर. व्हेगस नर्व्ह म्हणजे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस; तिच्यातले बहुतेक तंतू, सुमारे ८० टक्के, शरीराकडची खबर मेंदूकडे नेतात, म्हणून नुसत्या डोक्याने समजूत घालून भागत नाही. पण त्याच व्हेगसभोवती स्टीफन पोर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी उभ्या केलेल्या, शरीर सुरक्षितता आणि धोका कसा ओळखतं ते सांगणाऱ्या पॉलिव्हेगल सिद्धान्ताबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली पीटीएसडीसाठी आघातावर लक्ष देणारी सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी) आणि ईएमडीआर (आठवणीवर काम करताना डोळ्यांच्या हालचाली वापरणारी) या पद्धती सुचवल्या होत्या, बोलून बरे झालेलेही खूप आहेत, आणि मला तिकडे जायचं असेल तर तुम्ही स्वतः नाव सुचवाल, वाईट वाटून घेणार नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. स्वतःच्या दुकानाची मर्यादा गिऱ्हाइकाला आधी सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. माझा विश्वास तिथे बसला.

तुम्ही वाचायला दिलेला योगाचा तो अभ्यासही लक्षात राहिला. २०१४ साली छापून आलेला, जुनाट आणि इतर उपचारांना न जुमानणारा पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांचा, दहा आठवड्यांचा. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या, योग न केलेल्या दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. आकडे चांगलेच आहेत. मला मात्र त्या योगाची रीत जास्त भावली. शिक्षक हात लावून आसन ‘सुधारत’ नाहीत. ‘हवं असेल तर’, ‘वाटलं तर’ असं बोलतात. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, ते ज्याचं त्याने ठरवायचं. माझे खांदे दाबणाऱ्या गृहस्थांना यातलं एवढं जरी कुणी शिकवलं असतं!

तुमच्याकडे बसलेलो असताना एक आठवण परत आली. दार कापणाऱ्या जवानाची. तो प्रत्येक वेळी आधी सांगत होता: ‘साहेब, आता मोठा आवाज होईल.’ ‘आता तुमच्या डाव्या हाताला धरतोय.’ त्याच्याजवळ वेळ नव्हता, मानसशास्त्राची पदवी नव्हती, समोर उलटी गाडी होती. तरी तो सांगत होता. ही आठवण इतके दिवस बाकीच्या आवाजाखाली गाडली गेली होती. तेव्हापासून मी बघत असतो. रक्त घेण्याआधी ‘टोचतंय हं’ म्हणणारी नर्स. म्हाताऱ्या माणसाचा दंड धरण्याआधी ‘धरू का?’ विचारणारा अनोळखी मुलगा. अशी माणसं आहेत, आणि ती बहुतेक ठिकाणी हुद्द्याने सगळ्यात खाली असतात. का कोण जाणे.

मी बरा झालो असं लिहून तुम्हाला अडचणीत टाकत नाही. मोठ्याने ब्रेक लागला की अजून हात गार पडतात. पूर्वी त्यानंतरचा सगळा दिवस जायचा. आता गार पडले हे कळतं, तळपाय जमिनीला टेकतात, थोड्या वेळाने बोटं परत माझी होतात. जबडा पुष्कळ सैल आहे. घरच्यांच्या मते मी हल्ली जास्त वेळा ‘नको’ म्हणतो, आणि हे त्यांना फारसं आवडलेलं नाही. त्याचं खापर मी तुमच्यावर फोडलंय.

एक मागणं आहे. तुम्ही नव्या मुलामुलींना शिकवता असं ऐकलं. त्यांना व्हेगस वगैरे शिकवाच, पण पहिल्या दिवशी खुर्ची मागे घ्यायला शिकवा.

पुढची वेळ ठरल्याप्रमाणेच आहे ना? मी येतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
तुमच्याकडे येणारा एक जण