तिसऱ्या आठवड्यात शेक सोडू नका

मा. संपादक,
स. न.

खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, विदर्भात तोंडाचे कर्करोग वाढवले, हे आता सांगायला नको. पण उपचारात पुढे काय होणार, हे घरच्यांना आधी नीट सांगितले जात नाही. त्यामुळे गडचिरोली, बालाघाटकडून नागपूरला आलेला रुग्ण शेक, म्हणजे मशीनने दिले जाणारे किरणोपचार (रेडिएशन), अर्धवट सोडून गावी निघतो, याची खंत वाटते.

शेक साधारण ६ ते ७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस चालतो. मशीनखाली दुखत नाही. पहिले दोन आठवडे बरे जातात, म्हणून सगळे निर्धास्त होतात. मग तोंड सोलते, लाळ चिकट होते, चव जाते आणि ‘शेकाने जाळले’ म्हणून घरी नेतात. तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशी भराभर नव्या होतात, म्हणूनच त्यांना शेकाचा मार आधी बसतो. शेक संपल्यावर काही आठवड्यांत त्या भरून येतात. मध्येच खंड पडला, तर मात्र उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही वाढू लागतात.

पहिल्या दिवसापासून गुळण्या सुरू कराव्यात. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचा १ चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालावा. पाणी रोज ताजे करावे, जागेपणी दर दोन तासांनी गुळणी करावी. बाजारातले झणझणीत माउथवॉश नकोत. पांढरे डाग दिसले तर खरवडू नयेत. बहुधा ती बुरशी असते आणि औषधाने जाते. जेवणाआधी तोंड बधिर करणारे औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावे. तिखट बंद. तूप घालून पातळ वरण-भात, खीर, कुस्करलेले अंडे, जे गिळवेल ते थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा द्यावे.

वजन दर आठवड्याला करावे. ते उतरले की शेकाच्या वेळी डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा मास्क सैल होतो, किरणांचा नेम चुकू शकतो. मग नवा मास्क, नवे मोजमाप. नाकातून नळी घालायला डॉक्टरांनी सांगितले की घरी रडारड होते. नळी म्हणजे शेवट नव्हे. ती उपचार पुरा करण्यासाठी असते, गिळता येऊ लागले की काढतात.

मानेच्या कातडीला हळद, तेल, बाम लावू नये, वस्तरा फिरवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात मऊ सुती दुपट्टा हवाच. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धराव्यात आणि एकेक वाढवत न्याव्यात. किती, कितीदा, ते फिजिओथेरपिस्टला विचारावे.

सोबत किमो (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे) असेल तर घरात थर्मामीटर ठेवाच. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. या स्थितीतला जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो.

किडके दात शेक सुरू होण्याआधीच काढून जखम भरू द्यावी. शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला, तर हाड सडण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. म्हणून रुग्णालयांनी ही सूचना फाइलच्या पहिल्याच पानावर मराठीत आणि हिंदीत छापावी. गावातल्या दंतवैद्याला दाखवायला तेवढे एक पान पुरेल.

– कर्करोग रुग्णांसोबत काम करणारे स्वयंसेवक, नागपूर