नवानंतरचं कोल्हापूर कुणाचं? पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा, यांस

सादर नमस्कार.

'नाईटलाईफ' हा शब्द या पत्रात एकदाच येणार होता, तो आत्ताच वापरून टाकला. तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं परमिट रूम उभी राहते आणि पुढचं बोलणं राहूनच जातं. मला बार नको आहे. रात्री साडेनवानंतर या शहरात चार माणसांत बसायला जागा हवी आहे, एवढंच.

मी मूळची आजऱ्याची. अकरावीला कोल्हापुरात आले ती इथलीच झाले. वय २९, लग्न झालेलं नाही, दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबानं, शिकवते आणि राजारामपुरीतल्या एका गल्लीत भाड्यानं राहते.

कोल्हापूर लवकर झोपतं असं कुणी म्हणालं तर मी त्याला आधी गंगावेशीत नेईन. दिवेलागण झाली की दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी गिऱ्हाइकाच्या समोरच धार काढतो, चरवीत फेस चढतो आणि तो फेस बसायच्या आत दूध ग्लासात येतं. गरम म्हणजे म्हशीच्या अंगाइतकंच गरम. पुण्याची एक मैत्रीण आली होती, ती आधी नाक मुरडत होती, मग तिनं दोन ग्लास घेतले. तिथून खासबागेकडं गेलात तर भेळेच्या गाड्यांवर कांदा चिरायचा आवाज थांबलेला नसतो. पेठांत प्रत्येक तालमीपुढं कट्टा भरलेला असतो, आणि फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर संध्याकाळी झालेली मॅच तिथं मध्यरात्रीपर्यंत परत खेळली जाते. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीबद्दल तर तुम्हाला सांगायलाच नको, तुम्ही दरवर्षी सुरुवातीला असता. ती संपते दुसऱ्या दिवशी.

म्हणजे रात्र आहे. पण ती वारशानं मिळते. कट्टा तालमीचा, तालीम पेठेची, आणि पेठेत जन्मावं लागतं. आजऱ्याहून, गारगोटीहून, जतहून आलेल्या मुलाला एखादा दोस्त 'चल भावा' म्हणून घेऊन गेला तर तो कडेला बसतो आणि दोन वर्षांत त्यांच्यातलाच होऊन जातो. मुलीला असं कोण घेऊन जाणार? मी अकरा वर्षांहून अधिक काळ या शहरात आहे आणि आजवर एकाही तालमीच्या कट्ट्यावर बसलेली नाही. बसू नको असं कुणी सांगितलेलं नाही. सांगायची वेळच येत नाही.

गंमत बघा. आमच्या भागात बाई 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणते. माझी आज्जी आयुष्यभर असंच बोलली. बाहेरच्यांना याचं फार कौतुक वाटतं, केवढी ही बरोबरी म्हणून. ही बरोबरी क्रियापदात आहे. रस्त्यावर ती दिवे लागेपर्यंत टिकते.

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की आजूबाजूला बोर्डिंगच्या इमारती दिसतात. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, त्याच सुमारास जैनांचं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. 'विद्यार्थी वसतिगृहांची जननी' ही या शहराची ओळख तिथून सुरू झाली. खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर त्याला आधी पाठ टेकायला जागा पाहिजे, हे महाराजांनी ओळखलं. मीही त्या विचाराचीच लाभार्थी आहे. पण ज्या वसतिगृहात मी पाच वर्षं काढली, त्याचं फाटक साडेसातला बंद व्हायचं. उशीर झाला की रजिस्टरात लाल शाईनं नोंद, आणि तीन लाल नोंदी झाल्या की आजऱ्याला वडिलांना फोन. रस्त्यापलीकडच्या मुलांच्या वसतिगृहाला फाटक होतं, पण त्याला कुलूप लागलेलं मी कधी पाहिलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की, सुरक्षिततेचं कारण पुढं करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. माझ्या आत्ताच्या विद्यार्थिनी साडेसातच्या आत परतायचं म्हणून शेवटचा तास अर्धवट सोडतात. मीही त्यांना 'पळा' म्हणते, कारण ती लाल शाई मला आठवते.

तुम्ही म्हणाल, ओळखी व्हायला रात्रच कशाला पाहिजे? दिवसा करा. साहेब, दिवसा मी दोन कॉलेजांच्या मध्ये मोपेडवर असते. माझ्या ओळखीची नर्स रात्री आठला सुटते, कापडाच्या दुकानातली मुलगी साडेनऊला. एमपीएससीवाले अभ्यासिकेतून मान वर काढतात तेव्हा दहा वाजलेले असतात. शहरातल्या तरुण नोकरदाराला स्वतःचे म्हणावेत असे तास हेच. त्यात बाईला भेटायला जागा कुठल्या? नातेवाइकांची लग्नं, देवळाची रांग आणि भिशी. भिशीत सगळ्या मला स्थळं सुचवतात. एकदा मोबाईलवरचं ओळखी जुळवायचं अ‍ॅपही टाकून पाहिलं. दहा किलोमीटरच्या टप्प्यात तेच ते चेहरे, त्यातला चौथा माझ्याच तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला. त्यानं मला आधी ओळखलं की मी त्याला, ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो गैरहजर होता. मी अ‍ॅप काढून टाकलं.

आता ज्यामुळं हे पत्र लिहायला बसले, ते. गेल्या हिवाळ्यात रात्री सव्वानऊला मी आणि माझा एक सहकारी रंकाळ्याच्या काठावर बसून त्याच्या पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणाचं काय करायचं यावर वाद घालत होतो. मध्ये शेंगांची पुडी. गस्तीची गाडी थांबली, तोंडावर बॅटरी आली. "नातं काय?" मी म्हटलं, सहकारी आहोत. "नातं विचारलंय." ओळखपत्र दाखवलं. मग त्यांनी आई-वडिलांचा नंबर मागितला. मी २९ वर्षांची आहे, मतदान करते, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मी चालते, आणि तळ्याकाठी बसायला आईचा नंबर! दिला नाही. दहा मिनिटांनी ते गेले, पण जाताना "घरी जावा आता" म्हणाले आणि आम्ही गेलो. याचाच राग मला जास्त आहे. गाडी कुठली होती ते मी लिहीत नाही, कारण एका माणसाला नोटीस जाऊन हा प्रश्न सुटणार नाही. दोन सज्ञान माणसांनी सार्वजनिक जागी बसून बोलणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे, हे कृपया लेखी कळवावं. नसेल, तर नातं आणि घरचे नंबर विचारू नयेत, असं तितकंच लेखी गस्तीवरच्यांना कळवावं. त्यांनी रात्री तिथं असावं, हे मलाही हवं आहे. फक्त बॅटरी माझ्या तोंडावर न मारता अंधाऱ्या पायऱ्यांवर मारावी.

कायदा तर आपल्या बाजूनं आहे. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागू झाला. दारू देणारी ठिकाणं वगळता दुकानं, उपाहारगृहं चोवीस तास चालवायला त्यानं मोकळीक दिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनानं तेच पुन्हा स्पष्ट करून सांगितलं. रात्री साडेनवानंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरी सोडायची सोय हवी, हेही त्यात आहे. तरी आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला अकरा वाजायला आले की शटर अर्ध्यावर ओढून आतून कप देतो, चोरून. का, विचारलं तर म्हणतो, "मॅडम, कायदा मुंबईला असतोय."

आणि शहर आता पूर्वीएवढं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार मुक्कामाला येतात. त्यांना रात्री जेवण मिळतं, पण जेवल्यावर पाय मोकळे करत कुठं जायचं ते कुणी सांगू शकत नाही. एके काळी नाटक होतं. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. सगळ्यांनी वारसा गेला म्हणून हळहळ केली, ती खरीच. माझं दुःख थोडं बारकं आहे. बाई रात्री साडेबाराला रस्त्यावर दिसली आणि 'नाटकाला गेले होते' म्हणाली, की कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. ते उत्तर गेलं.

म्हणून मागणं फार नाही. एक रस्ता निवडा. माझ्या मते खासबाग ते बिंदू चौक, पण तुम्ही दुसरा निवडलात तरी भांडणार नाही. तिथं रात्री एकपर्यंत दिवे, बसायला बाक, पाणी असलेलं आणि कुलूप नसलेलं बायकांचं स्वच्छतागृह. तिथून विद्यापीठाकडं जाणारी एक उशिराची बस. पाटी, कमान, फित, सेल्फी पॉइंट यातलं काहीच नको. एखादी अभ्यासिका रात्री मुलींसाठीही उघडी ठेवा, तिच्या पायरीवर ओळखी आपोआप होतील.

नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते. रस्ते धुतलेले, रांगोळ्या काढलेल्या, दारोदारी बाया जाग्या. त्या रात्री मी शहरभर चालत हिंडते. कुणी नातं विचारत नाही. दुसऱ्या दिवशी नवमी असते आणि साडेसातला फाटक लागतं.

एखाद्या साध्या मंगळवारी गंगावेशीत या, गाड्यांचा ताफा न आणता. दुधाचे पैसे मी देईन. फक्त साडेआठपर्यंत या. आमच्या घरमालकीणबाई दहाला कडी घालतात.

आपली,
सीएचबीवर शिकवणारी एक बाई
राजारामपुरी, कोल्हापूर