रोबोट आणा, पण पोरांना आधी हात तर बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली नागपुरात रोबोटनं हर्निया ऑपरेशनच्या जाहिराती दिसतात आणि लोक विचारतात, सिस्टर, रोबोटवालं चांगलं का हो? मी तीसेक वर्षं ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत काढली म्हणून लिहून राहिले.

जांघेतला हर्निया किरकोळ समजतात, म्हणून शिकाऊ डॉक्टरला तो लवकर मिळतो. ओपनमध्ये, म्हणजे बाहेरून चीर देऊन करतात त्यात, ठीक आहे, सर समोर उभे असतात, बोट लावून दाखवतात. दुर्बिणीत मात्र सगळं आतून, मागच्या बाजूनं दिसतं, पुस्तकात पाठ केलेलं उलटं होतं. तिथंच पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, त्या जागेला सर्जन लोकच 'ट्रँगल ऑफ डूम' म्हणतात, बाजूला नसांचा 'ट्रँगल ऑफ पेन', हर्नियाच्या भोकावर जाळी बसवताना टॅकर, म्हणजे जाळी ठोकायची पिन, तिथं लागला की पेशंट कित्येक महिने मांडी धरून फिरतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स म्हणतात की दुर्बिणीच्या या ऑपरेशनात हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात. आमच्याकडं रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या वाट्याला काय, तर कॅमेरा धरणं. "वर घे, धुकं आलं, पूस." तीन वर्षं हेच, मग पास होऊन एकदम स्वतःचा पेशंट!

एक पोरगा आठवतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून आत मोबाईल लावला होता त्यानं, आणि रात्री ड्युटी रूममध्ये संत्र्याच्या सालीवर टाके घालत बसायचा, साल फाटली की परत पहिल्यापासून. आम्ही हसायचो. सहा महिन्यांनी त्यानं दुर्बिणीतून पोटाचा आतला पडदा शिवला तेव्हा सरांनी मधे एकदाही हात घातला नाही.

रोबोटचं मनगट छान वळतं, हात थरथरत नाही, मान्य. पण बहुतेक मशीनमध्ये ओढ किती बसतेय ते बोटांना कळत नाही, सगळं डोळ्यानंच जोखायचं. २०२० मध्ये अमेरिकेत दुर्बीण आणि रोबोट तुलना करून पाहिली, पेशंटला वेगळा फायदा दिसला नाही, वेळ आणि खर्च मात्र वाढला. तरी आणायचाच असेल तर दोन कन्सोलवाला, म्हणजे डॉक्टर बसून रोबोट चालवतात त्या दोन जागा असलेला आणा, म्हणजे पोरगा चुकला की सर लगेच ताबा घेतील. आणि खोकी, सिम्युलेटर तर आजच ठेवता येतात, त्याला कोटी लागत नाहीत.

पेशंटच्या घरच्यांनी तरी काऊन लाजायचं? सरळ विचारा, डॉक्टरसाहेब, असे तुम्ही स्वतः किती केले? चांगला डॉक्टर आकडा सांगतो, बाकीचे चिडतात, मी पाहिलंय.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर, नागपूर