आधी जाळी, मग आग्वाद

मांडवा, 9 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. चार महिने ना पत्र, ना फोन. चूक माझीच. तब्येत ठीक, गोळ्या चालू. आज लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, आणि तुझ्या बोटीतही तशीच टाकी आहे.

रविवारी ऐन जहाजांच्या वाटेत इंजिन बंद पडलं. एकदम नाही. आरपीएम आपोआप खाली गेला, सावरला, पुन्हा खाली, मग शांत. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. हे लक्षण पाठ करून ठेव. फिल्टर चोंदला तर तो दहा मिनिटं आराम करून मोकळा होत नाही. डिझेलच्या नळीत एअर, म्हणजे हवा, शिरली असेल तर ती काढल्याशिवाय इंजिन सहसा पुन्हा धड चालत नाही. थांबलं की बरं वाटणारं दुखणं बहुतेक टाकीतच असतं. एक तर टाकीचा वेंट, हवा आत येण्याचं भोक, बुजलाय आणि आत पोकळी तयार होतेय, नाहीतर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या ओढनळीच्या तोंडाला काहीतरी चिकटतंय आणि ओढ थांबली की सुटून खाली पडतंय.

आधी वेंट बघ, फुकटचं काम आहे. पावसाळ्यात बोट वर असताना कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. इंजिन मंदावलं की डिझेल भरायचं झाकण सैल कर. सूं करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर चोर सापडला. माझ्याकडे ना आवाज, ना फरक.

मग पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंच बांधला आणि त्यातून पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाला, डिझेल दिलं. परतीची नळी टाकीत जात असेल तर तीही कॅनमध्ये सोड, नाहीतर हिशेब चुकतो. तासभर 2200 आरपीएमवर ठेवलं, हूं की चूं नाही. म्हणजे फीड पंपापासून पुढे बहुतेक सगळं निर्दोष. खोट मागे: टाकी, नळी किंवा पहिला फिल्टर. मागच्या बाजूची एक खोड तुला माहीतच आहे. फीड पंपाच्या पुढे गळती असली की डिझेल टिपकतं, पण मागे नळी ओढीखाली असते. तिथली तडकलेली नळी किंवा सैल क्लिप एक थेंबही न सांडता हवा आत घेते. म्हणून मी सगळ्या क्लिपा आवळल्या, पहिल्या फिल्टरच्या झाकणाचं रबर बदललं. तरी तेच.

शेवटी ओढनळी उपसून वर्तमानपत्रावर ठेवली. टोकाची ती रुपयाएवढी जाळी, बाळ्या! काळा, बुळबुळीत थर, बोटाने ओढला तर सायीसारखा अखंड निघाला. तळाचं डिझेल बरणीत घेऊन रात्रभर ठेवलं: खाली बोटभर पाणी, वर डिझेल आणि मधोमध तीच काळी साय. टाकी अर्धी रिकामी ठेवून मी पावसाळा काढला, दमट हवेचं पाणी आतल्या पत्र्यावर धरलं, आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर हे जंतू माजले. लाटांनी ढवळलं की सगळं जाळीवर.

वर्कशॉपमध्ये तू ओरडला होतास, "गाळणी हात पोचेल तिथेच हवी!" आणि मी दोन्ही बोटींना हट्टाने ती जाळी लावून घेतली होती. तुझं बरोबर होतं. हे मी आता कागदावर लिहून देतोय, वहिनींना वाचून दाखव.

तर आता करायचं ते असं. ओढनळी काढ, जाळी काप, नळीचं तोंड तिरकं कर आणि तळापासून दोन-अडीच सेंटीमीटर वर राहील असं बसव. टाकी पूर्ण उपस. नुसतं जंतू मारायचं औषध टाकून भागत नाही. मेलेली घाणही फिल्टरातच येते, म्हणून आत हात घालून पुसावंच लागतं. तुझ्या टाकीला तेवढं झाकण आहे, माझी कापावी लागणार. पहिल्या फिल्टरला 10 मायक्रॉनचा घाल आणि दोन जास्तीचे बोटीवर ठेव, कारण पहिले काही तास ते भराभर चोंदतील.

मग एअर काढायची. पहिला फिल्टर डिझेलने काठोकाठ भर, नंतर इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी मार. दांडी पोकळ लागली तर पंप बिघडलाय असं समजू नकोस. पंप हलवणारा कॅम वर आलेला असतो, इंजिन हाताने एक फेरा फिरव. बुडबुडे संपले की स्क्रू आवळ, पुढे इंजेक्शन पंपाचा स्क्रू तसाच. तरी सुरू झालं नाही तर नोझलचे नट 17च्या पान्याने अर्धा फेरा सैल करून सेल्फ मार. बोटं लांब ठेव, तो फवारा कातडीत घुसतो. आणि सेल्फ वारंवार मारायचा असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद कर. नाहीतर सायलेन्सर भरून पाणी उलटं सिलेंडरमध्ये शिरतं. इंजिन पकडलं की त्याच क्षणी उघड.

माझी झोप उडालीय ती डिसेंबरमुळे. तू पोरांना घेऊन आग्वादच्या बारवरून, म्हणजे मांडवीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावरून, बाहेर पडणार. तिथे वाळूवर लाट उभी राहते, टाकी ढवळते, आणि नेमकं तिथेच शीड उभारायला ना जागा ना वेळ. मांडवीत संथ पाण्यावर इंजिन तासभर चाललं याला अर्थ नाही, घाण तळाशी झोपलेली असते. टाकी साफ झाल्यावर मोठ्या भरतीच्या वेळी लाटांत, मुलांना न घेता, दोन तास चालवून बघ. तोवर बार ओलांडू नकोस.

चिनूची दहावी कशी चाललीय? काकूंचा गुडघा? नवीन घराचं सगळं सविस्तर कळव.

पाकिटात एअरच्या स्क्रूंच्या आठ तांब्याच्या वॉशर ठेवल्यात. कमी पडल्या तर जुन्या गॅसवर लाल करून पाण्यात टाक, मऊ होतात. जाळी कापलीस की त्याच दिवशी फोन कर.

तुझा,
दिगू