तुझ्या यादीतला मधला प्रश्न

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रश्नांची यादी मिळाली. आवडता ऋतू कोणता, टीव्हीवर काय पाहतेस, अलीकडे कोणत्या क्षुल्लक गोष्टीचे नवल वाटले, अशा निरुपद्रवी प्रश्नांच्या मधोमध तू एक अवघड प्रश्नही अलगद सरकवला आहेस: प्रत्येक गोष्टीचे कारण विचारल्याशिवाय जिला चैन पडत नाही, ती आई रोज रात्री हात जोडून कोणासमोर बसते? फोनवर याचे उत्तर देता आले नसते. तू मध्येच हसली असतीस आणि मीही विषय बदलला असता. तेव्हा आधी सोप्या प्रश्नांची उत्तरे देते, कारण ती वाचल्याशिवाय अवघड प्रश्नाचे उत्तर तुला पटेल असे वाटत नाही.

ऋतूंमध्ये मला शरद आवडतो. वसंताचे कौतुक कवींनी पुरेसे करून ठेवले आहे, आणि पावसाळा फार आवडतो असे म्हणणारी माणसे बहुधा खिडकीच्या आत बसलेली असतात. पावसाने हवेतली धूळ खाली बसवल्यामुळे शरदातले आकाश अधिक गडद निळे दिसते, आणि आपल्या गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे कलू लागल्याने ऊन तिरपे येऊन साध्यासुध्या वस्तूंच्याही सावल्या लांबतात. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा येतो अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ती सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटींवर जाते. ऋतू घडतात ते पृथ्वीच्या आसाच्या सुमारे २३.५ अंशांच्या कलामुळे. सप्टेंबरच्या २२ किंवा २३ तारखेला दिवस आणि रात्र समान असतात असे आपण शाळेत शिकतो, पण त्या दिवशीही दिवस काही मिनिटांनी मोठाच भरतो, कारण वातावरण प्रकाशाला वाकवते आणि क्षितिजाला टेकलेला जो सूर्य आपण डोळे भरून पाहत असतो, तो खरे तर त्याआधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. हे कळल्यावर सूर्यास्त पाहण्याची माझी हौस तसूभरही कमी झाली नाही. शरद दर वर्षी परत येईल अशी मला खात्री आहे, पण तिला मी श्रद्धा म्हणणार नाही. तो हिशेब आहे.

टीव्हीवर मी मालिका पाहते, आणि त्यातली पात्रे मूर्खासारखी वागली की त्यांच्याशी मोठ्याने भांडते, हे तुला ठाऊक आहेच. मात्र मला मालिकेपेक्षा त्या पेटीचेच नवल अधिक वाटत आले आहे. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा एक झोत पडद्यावर ओळीमागून ओळ ओढत जाई. एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. याचा अर्थ कोणत्याही एका क्षणी पडद्यावर पूर्ण चित्र नसेच. असे तो झोताखाली झळकणारा एक ठिपका आणि त्याच्या मागे विझत जाणारी थोडी चमक. उरलेले चित्र डोळा आणि मेंदू मिळून पुरे करत. हल्लीच्या पातळ पडद्यांची रीत वेगळी असली तरी त्यांच्यावरही लाल, हिरवा आणि निळा हे तीनच रंग उजळतात, आणि त्यावर दिसणाऱ्या पिवळ्या फुलातून पिवळा प्रकाश जवळजवळ येतच नाही. लाल आणि हिरवा एकत्र आले की आपण आपल्या मनाने पिवळा पाहतो. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर माणूस पडद्यासमोर बसून रडू शकतो, हे मला कोणत्याही कथानकापेक्षा अद्भुत वाटते.

त्या जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण संपल्यावर मुंग्या येत, म्हणजे पडदाभर काळे-पांढरे ठिपके वळवळत. घरातली मंडळी तो बंद करायला सांगत आणि मी त्या मुंग्यांकडे पाहत राही. पुढे कळले की त्यांतला थोडासा भाग, साधारण एक टक्का, विश्वाच्या बाल्यावस्थेत निघालेल्या प्रारणाचा, म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या लहरींचा, असतो. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात, आणि विश्व जेमतेम ३.८ लाख वर्षांचे असताना हे प्रारण मोकळे झाले. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन या दोन शास्त्रज्ञांना त्यांच्या अँटेनात एक खरखर ऐकू येऊ लागली, जी कोणत्याही दिशेला वळवले तरी जाईना. अँटेनात कबुतरांनी घर केले होते, म्हणून त्यांनी कबुतरे हाकलली, विष्ठाही साफ केली. खरखर तशीच राहिली. ती त्या प्रारणाची होती, आणि तिच्यासाठी १९७८ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याच गोष्टीत मला माझा आवडता माणूस भेटला. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारा, आणि १९३१ मध्ये त्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी अशी कल्पना पुढे आणणारा जॉर्ज लेमेत्र हा बेल्जियमचा शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीच्या या नव्या विज्ञानात ईश्वरी निर्मितीला आधार सापडतो अशा आशयाचे भाषण केले. दुसरा कोणी हरखून गेला असता, पण लेमेत्रला ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून संपूर्णपणे अलग आहे, ही भूमिका त्याने सोडली नाही. त्याने पूजापाठही सोडला नाही आणि समीकरणेही सोडली नाहीत, आणि एकाची साक्ष दुसऱ्याच्या बाजूने कधी काढली नाही. १९६६ मध्ये मृत्यूपूर्वी काही दिवस आधी त्या खरखरीच्या शोधाची बातमी त्याच्या कानावर गेली, याचा मला कारण नसताना आनंद होतो.

प्रत्येक व्रताच्या मागे विज्ञान आहे आणि पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असे निरोप मला रोज कोणी ना कोणी पाठवते. त्यांचा मला वैताग येतो तो याच माणसामुळे. ज्या श्रद्धेला प्रयोगशाळेचा शिक्का हवासा वाटतो, तिचा स्वतःवरच पुरेसा भरवसा नसावा. उलट, कारण सांगितले की प्रश्न मिटला असे समजणाऱ्या तुझ्या काही मित्रांशीही माझे जमत नाही. आजीच्या शेवटच्या आजारात तिला नेमके काय झाले आहे, हे डॉक्टरांनी मला आकृती काढून समजावले होते आणि मला ते नीट समजलेही होते. तरी त्या रात्रींत मला जे हवे होते ते त्या आकृतीत नव्हते. मी रोज तिच्यासाठी मागणे मागत होते आणि ती गेली. तेव्हापासून माझे मागणे थांबले, बसणे थांबले नाही. समोर कोणी आहे हे मी तुला सिद्ध करून देणार नाही, कारण सिद्ध करता येते असे मी मानतच नाही. दिवसभरात जे माझ्या हातात नव्हते ते तिथे ठेवून उठते, आणि ठेवताना ते कोणीतरी घेते आहे असे मला वाटते. एवढेच माझे उत्तर आहे.

यावर तू म्हणशील की डोळा जसा नसलेला पिवळा रंग पाहतो, तसे तुझे मन नसलेला श्रोता समोर उभा करते. असेलही. हा आक्षेप मी स्वतःवर तुझ्या जन्माआधीपासून घेत आले आहे आणि त्याला माझ्याकडे तोडीस तोड उत्तर नाही. मात्र तो घेतल्यावरही मी रात्री बसतेच, हेही तुझ्या हिशेबात धर.

राहिला शेवटचा प्रश्न, अलीकडच्या नवलाचा. उगवता पूर्ण चंद्र मोठा दिसतो आणि डोक्यावर आला की लहान, हे तूही पाहिले असशील. खरे तर दोन्ही वेळी तो आकाशात साधारण अर्धाच अंश व्यापतो; उगवताना तो आपल्यापासून किंचित लांबच असतो. असे का दिसते यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही, आणि हे सारे माहीत असूनही मला तो दर वेळी मोठाच दिसतो. पुढच्या पौर्णिमेला तो उगवताना आणि मग मध्यरात्री, दोन्ही वेळा हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटून करंगळीच्या नखाने झाकून पाहा, आणि दोन्ही वेळी नख पुरले की नाही ते मला लिहून कळव. फोन नको, पत्रच हवे.

तुझी,
आई